रोजची "छोटी" पापं देवापुढे कबूल करायची म्हणजे नेमकं काय? आणि देव प्रथम हे नोकरीत कसं जमवायचं?

स्टोअर्सवाला

सगळ्यांना सलाम. बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी भोसरीत एका कंपनीत आहे (नाव नको), परचेस बघतो आणि वेंडरच्या पेमेंटचे फोनही माझ्याच गळ्यात. वेंडर म्हणजे छोटी माणसं, कोणाच्या दोन लेथ, कोणाचं एक ड्रिलिंग मशीन, गाळा भाड्याचा, एवढाच पसारा. मालक पेमेंट तीन तीन महिने अडकवून ठेवतात आणि शिव्या खायला मी. मग माझी ठरलेली वाक्यं, "साहेब बाहेरगावी आहेत", "चेक सहीला ठेवलाय", "आरटीजीएस मारलंय पण बँकेचा सर्व्हर डाऊन आहे, संध्याकाळी यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा बँकेचा नंबर) पाठवतो". कसला चेक आणि कसला यूटीआर, काही नसतं. एक लेथवाले काका आहेत ते दर शुक्रवारी फोन करतात कारण शनिवारी त्यांना दोन पोरांचा पगार द्यायचा असतो, आणि ते कधी आवाज चढवत नाहीत, उलट "तुम्ही सांगताय म्हणजे होईलच साहेब" म्हणून फोन ठेवतात. शिवी दिली असती तर परवडली असती.

आता मुद्दा. रविवारी चर्चमध्ये पापांगीकाराची प्रार्थना सगळे मिळून म्हणतो, मनाने, शब्दाने, कृतीने पाप केलं वगैरे, लहानपणापासून पाठ आहे, तोंड म्हणत असतं आणि डोकं गाडी नीट लावली का यात. गेल्या रविवारी "शब्दाने" म्हणताना ते काका आठवले आणि पुढची ओळच सुचेना. मी दारू पीत नाही, तंबाखू नाही, बाकी भानगड नाही, त्यामुळे चर्चमध्ये माझं इम्प्रेशन एकदम चांगलं, इतकं की पाळकसाहेबांनी पास्टोरेट कमिटीसाठी (चर्चचा कारभार बघणारी कमिटी) माझं नाव सुचवलंय. त्यातच उपदेश होता मत्तय ६:३३ वर, पहिल्याने देवाचं राज्य, आणि शेवटी सांगितलं काय तर बुधवारची प्रार्थनासभा, शनिवारी क्वायर, महिन्यातून दोन कॉटेज प्रेयर (कोणाच्या तरी घरी प्रार्थना), हे चुकवू नका म्हणजे देव प्रथम. घरी आल्यावर बायको म्हणाली, म्हणजे देव प्रथम, कंपनी द्वितीय आणि आम्ही वेटिंग लिस्टवर.

तर विचारायचं हे की मालक बोलायला लावतो ते खोटं कोणाच्या खात्यात? देवाला सॉरी म्हटलं की विषय संपतो का? आणि खरंच देव प्रथम ठेवायचा तर राजीनामा द्यायचा का, कारण होमलोन चालू आहे आणि दुसरी कंपनी काय स्वर्गात नाहीये, तिथेही हेच असणार.

यूथ_ऑन_फायर

प्रेज द लॉर्ड ब्रदर! एवढं मनाला लावून घेऊ नका. रोम ८:१ वाचा, ख्रिस्त येशूमध्ये असणाऱ्यांना दंडाज्ञा नाही. १ योहान १:९, आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वासू आहे, क्षमा करतो, शुद्ध करतो, एंड ऑफ द मॅटर. सैतान आपल्याला गिल्टमध्ये अडकवून ठेवतो म्हणजे आपण सेवेत पुढे जाऊ नये, आणि बघा ना बरोबर कमिटीचं नाव आल्यावरच हे सगळं सुरू झालं. तीन दिवस उपास प्रार्थना करा, देव तुमच्यासाठी दुसरा जॉब उघडेल, माझ्या मित्राच्या बाबतीत झालंय. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली प्रार्थनेत रडून रडून पापं कबूल करत होत्या आणि तिथून रिव्हायव्हल पेटला, तेव्हा अडखळणं हे पण चांगलं साइन आहे. गॉड ब्लेस.

वसईची_मावशी

मी कॅथलिक आहे, तुमच्या चर्चची पद्धत वेगळी असेल, पण विषय सारखाच आहे म्हणून लिहिते.

यूथ बाळा, १:९ बरोबर आहे पण त्याच्या आधी १:८ आहे, आमच्यात पाप नाही असं म्हटलं तर आपण स्वतःलाच फसवतो. आणि या भावाला मनाला लागलंय ते लागू दे की जरा. सगळ्या टोचणीवर लगेच वचनाचं मलम लावायचं नसतं.

भाऊ, तुम्ही शीर्षकात "छोटी" असं लिहिलंत म्हणून सांगते. आमच्याकडे पापात दोन प्रकार मानतात, हलकं आणि गंभीर, आणि हलक्यासाठी फादरकडे कन्फेशनला गेलंच पाहिजे अशी सक्ती नाही, गेलं तर चांगलं. पण हलकं म्हणजे सोडून द्यायचं असं आम्हाला कोणी शिकवलं नाही. दुसरं, स्वर्गाकडे हाक मारणारी पापं म्हणून एक छोटी यादी आमच्या धर्मशिक्षणात आहे, त्यात खून आहे आणि त्याच यादीत मजुराची मजुरी अडवणं पण आहे, याकोब ५:४ वरून. तुमच्या त्या काकांच्या दोन पोरांचा शनिवारचा पगार बघा कुठे बसतो त्यात. घाबरवत नाहीये, पण फोनवरची एक थाप एवढंच ते नाही. तुम्ही शब्द मोजताय, तिकडे माणसं दुकानात उधारी मागत असतील.

आता कबूल करायचं म्हणजे काय. मिस्साच्या (आमच्या उपासनेच्या) सुरुवातीला आम्हीही सगळे मिळून म्हणतो, विचाराने, शब्दाने, कृतीने, आणि त्यात जे करायला हवं होतं ते केलं नाही तेही येतं, मला तो शेवटचा भाग जास्त अडचणीचा वाटतो. पण ती झाली सगळ्यांची मिळून. कन्फेशनला गेल्यावर "फादर, मी खोटं बोलले" एवढ्यावर भागत नाही, चांगले फादर असतील तर विचारतात, कोणाशी? किती वेळा? त्याचं काही नुकसान झालं का, ते भरून दिलंस का? चोरलेलं परत करणं, बदनामी केली असेल तर ती निस्तरणं, हे क्षमेबरोबर येतंच, पाच वेळा नमो मारिया म्हणून ते माफ होत नाही.

रोजच्यासाठी संत इग्नेशियसची पद्धत सांगते, त्यांचं साधनेचं पुस्तक १५४८ ला छापलं गेलं, एवढी जुनी आहे. रात्री झोपताना आधी दिवसभराबद्दल देवाचे आभार, मग प्रकाश माग, मग सकाळपासूनचा दिवस तास तास करून आठव, कुठे चुकलं त्याची क्षमा माग, आणि उद्याचं एक ठरव. आणि एखादी खोड मोडायची असेल तर ते सांगतात की कागदावर दिवसाची रेघ ओढ आणि ती चूक झाली की प्रत्येक वेळी एक ठिपका दे, आज किती, काल किती, ताडून बघ. इतकं साधं. मी हे सुनेला टोमणे मारण्यावर वापरलंय, जास्त सांगत नाही, पण कागद बघून माणूस जमिनीवर येतो.

नगरकर_गुरुजी

बाळा, सलाम. मी रिटायर्ड शिक्षक, संडेस्कूलही आयुष्यभर चालवली, म्हणून सवयीने लांब लिहिणार.

आधी तुझा दुसरा प्रश्न, देवाला सॉरी म्हटलं की संपतं का. गणना ५ वा अध्याय, ६ आणि ७ ओवी काढ. तिथे क्रम दिलाय, पाप कबूल करावं, नुकसान पूर्ण भरून द्यावं, वर पाचवा हिस्सा घालावा आणि तो ज्याचा अपराध केला त्याला द्यावा. त्याला, मंदिराला नव्हे. म्हणजे शंभराचे एकशेवीस. आपल्या चर्चमध्ये पापांगीकारानंतर कोणी एकशेवीस काढून दिलेले मी तरी पाहिले नाहीत. जक्कय जकातदाराने तर चौपट म्हटलं, आणि ते सुद्धा प्रभूने त्याला एक शब्द न विचारता.

लोक म्हणतात स्तोत्र ५१ मध्ये दावीद काय म्हणतो, तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं. बरोबर आहे, पण म्हणून त्याने मारवलेला उरीया काय जिवंत झाला का. ती ओवी धरून माणसाचा हिशोब बुडवणारे पुष्कळ भेटतात. लूक १५ मधला धाकटा पोरगा बघ, तो दोन्ही म्हणतो, स्वर्गाविरुद्ध आणि बाबा तुमच्यासमोर. आणि त्याने हे बापापुढे उभं राहून म्हटलं, डुकरं चारता चारता मनात म्हणून तिथेच बसून राहिला नाही.

आता देव प्रथम. याच्यावर मला राग आहे, पाळकांवर नव्हे, ते बिचारे काय करणार, बुधवारी सभेला बाकं रिकामी असतात. पण चर्च प्रथम आणि देव प्रथम यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. आमोस ८ व्या अध्यायात व्यापारी शब्बाथ पाळतात, दुकान बंद ठेवतात, सगळं नियमाने, आणि मनात काय तर हा दिवस कधी संपतो म्हणजे धान्य विकायला काढू, माप लहान करू आणि तराजूत फसवू. रविवारी पहिल्या बाकावर आणि सोमवारी खोटं माप, हे त्या काळातही होतं. मार्क ७ मध्ये प्रभू कुर्बानबद्दल बोलतो ते तर आपल्याच घरचं वाटावं, आईबापाला द्यायचं ते देवाला वाहिलंय म्हणायचं आणि हात झटकायचे. तुझी बायको वेटिंग लिस्ट म्हणाली ना, ती शास्त्रच बोलली, तिला माझा सलाम सांग.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचं उदाहरण घे. त्यांची भजनं उपासना संगीत या गीतपुस्तकातून आपण सगळेच गातो. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला देवाचा दरबार काढला, देव प्रथम म्हणजे असा माणूस असं कोणीही म्हणेल आणि मीही म्हणतो. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे वाच. घरात आलेला पैसा टिळकांच्या हातात टिकत नसे, मागेल त्याला देऊन मोकळे, आणि चूल पेटवायची लक्ष्मीबाईंनी, हसत हसत सांगतात त्या, पण सांगतात. दोघांत देवाला पहिलं कोणी ठेवलं म्हणशील तर मी बाईंचं नाव आधी घेईन, यावर नगरात माझ्याशी भांडणारे आहेत, भांडोत.

राजीनाम्याचं, लूक ३ मध्ये जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात आम्ही काय करावं, तो म्हणाला नाही नाका सोडा, म्हणाला ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांनाही तेच, दमदाटीने पैसे काढू नका, पगारात भागवा. म्हणजे जागेवर राहून काय करता येतं ते आधी बघ. आणि २ राजे ५ मधला नामान, अरामी राजाचा सेनापती, तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा व्हावी, आणि अलीशा म्हणतो शांतीने जा. नोकरदार माणसाची पंचाईत बायबलला माहीत आहे. फक्त नामानाने स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही, आणि त्याच्या वाकण्याने कोणाचा पगार अडत नव्हता. तुझ्या वाकण्याने अडतो, म्हणून तुला नामानाची सवलत पूर्ण लागू होत नाही असं माझं मत.

यूथ_ऑन_फायर

गुरुजी पॉवरफुल! पण हे कर्मांनी तारण असं नाही ना होत? पैसे भरून क्षमा विकत घेतल्यासारखं वाटतं मला.

नगरकर_गुरुजी

नाही रे. १५१७ मध्ये धर्मसुधारक मार्टिन लूथरने क्षमापत्रांच्या (पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या माफीच्या चिठ्ठ्यांच्या) विक्रीविरुद्धच पंच्याण्णव मुद्दे काढले, आणि त्यातला पहिलाच मुद्दा असा की प्रभूने पश्चात्ताप करा म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं हा त्याचा अर्थ. क्षमा फुकट आहे. लेथवाल्याचे पैसे ही क्षमेची किंमत नव्हे, ते त्याचेच आहेत.

टॅली_ताई

दादा, मी अकाउंट्सवाली, तुमच्या मालकासारखे चार मालक बघितलेत. वर सगळ्यांनी छान लिहिलंय पण शुक्रवारी फोन वाजेल तेव्हा काय करायचं ते कोणी सांगितलं नाही.

एक, खोटं बोलायचं नसेल तर खरं काय बोलायचं हे आधी पाठ करून ठेवा, नाहीतर जीभ जुन्या रस्त्याने जाते. "काका, आज पेमेंट होणार नाही. साहेबांनी तारीख दिलेली नाही. मी सोमवारी पुन्हा विचारतो आणि दिली तरी नाही दिली तरी तुम्हाला कळवतो." झालं. यात मालकाची बदनामी नाही आणि गुपितही फुटत नाही. ऐकणाऱ्याला वाईट वाटेल पण तो शनिवारसाठी दुसरीकडे हात पसरू शकेल, यूटीआरची वाट बघत संध्याकाळ घालवणार नाही. खोट्या तारखेने हेच जास्त नुकसान होतं, उशिरापेक्षा.

दोन, मालकाकडे धर्म घेऊन जाऊ नका, कायदा घेऊन जा. एमएसएमई (छोट्या उद्योगांचा) कायदा २००६ चा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम रजिस्ट्रेशन असलेल्याला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, ते पण दर महिन्याला चक्रवाढ. करारात ९० दिवस लिहून घेतले तरी चालत नाही, ४५ च्या वर नाहीच. आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून इन्कम टॅक्समध्ये ती ४३बी(एच) वाली अट आली, मुदतीत पैसे दिले नाहीत आणि वर्ष संपलं तर तो खर्च त्या वर्षी धरतच नाहीत, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. म्हणजे लेथवाल्याचे दोन लाख अडकवून मालक त्या दोन लाखांवर टॅक्स भरणार. हे कागदावर लिहून टेबलावर ठेवा, सीएचं नाव सांगा, बघा किती जणांचे चेक हलतात. आमच्याकडे मार्चमध्ये हललेत.

अजून एक, सगळ्यांना एकदम मिळणार नाहीच. मग यादी करताना ज्याचा आवाज मोठा त्याला आधी ही पद्धत असते, तुम्ही परचेसला आहात, ती यादी तुमच्या हातात असेल तर गप्प बसणाऱ्याचं नाव वर घाला.

यूथ_ऑन_फायर

ताई रिस्पेक्ट पण 😅 आत्मिक प्रश्नात इन्कम टॅक्स कुठून आला.

टॅली_ताई

मत्तय कुठे बसायचा रे बाळा? जकातनाक्यावर. त्याचंच वचन पाळकसाहेबांनी घेतलं होतं.

वसईची_मावशी

हाहा. टॅली ताई, एकच भर. मालकाला टॅक्सची भीती घालून पैसे सुटले तर उत्तम, पण या भावाने आजवर जे सांगितलं ते तसंच राहतं. काकांनी "तुम्ही सांगताय म्हणजे" म्हणून विश्वास ठेवला होता. त्यांना एकदा सांगायला नको का, की काका, सर्व्हर डाऊन नव्हता?

टॅली_ताई

मावशी, ते ऑफिसच्या फोनवर नको. नोकरी जाईल, आणि कॉल रेकॉर्ड होत असेल तर लफडं. गाळ्यावर जाऊन चहा पिताना सांगता येतं. पण सांगावंच का याबद्दल मला शंका आहे, आपलं मन हलकं करायला समोरच्याच्या डोक्यावर ओझं का टाकायचं? त्यांना पैसे हवेत, आपली कबुली नकोय.

वसईची_मावशी

पैसे हवेतच. पण पुढच्या वेळी खरं बोललात तर तेही त्यांना थापच वाटणार, हे का विसरता. मी सांगेन असंच म्हणेन.

स्टोअर्सवाला

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. बायकोने पण वाचलं, गुरुजींचा सलाम तिला पोचला आणि आता घरात माझी काही खैर नाही. सांगावं की नाही यावर ती मावशींच्या बाजूची आहे, मी अजून ठरवलं नाही, खरं सांगायचं तर लाज वाटते, ते मला साहेब म्हणतात.

गुरुजी कमिटीचं काय करू? नाही म्हटलं तर पाळकसाहेब कारण विचारणार. आणि ताई, त्या काकांचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे की नाही हे कसं कळणार, मालक पहिलं तेच विचारतील.

नगरकर_गुरुजी

कमिटीला नाही म्हणू नको, पुढच्या वर्षी बघू म्हण. कारण विचारलं तर पाळकसाहेबांना एकट्याला गाठून हेच सांग जे इथे लिहिलंस, याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हणतो, त्यात पाळकही येतात. ते समजून घेतील. नाही घेतलं तर मला मेसेज कर, मी बोलतो, आमच्याच बॅचचे असतील. आणि शनिवारचा क्वायर सोड, तुझा आवाज कसा आहे मला माहीत नाही, पण त्या वेळात बायकोला घेऊन बाहेर जा.

टॅली_ताई

बिलावर किंवा लेटरहेडवर उद्यम नंबर छापलेला असतो, यूडीवायएएम ने सुरू होतो, वेंडर फॉर्मच्या फाइलमध्येही बघा. नसेल तर त्यांना विचारा, आणि रजिस्ट्रेशन केलेलंच नसेल तर सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नका म्हणावं. फॉर्म भरायला त्यांना जमणार नसेल तर मी भरून देते. पण विचारायला फोन तुम्ही करा, आणि शुक्रवारच्या आत करा.